एजन्सीचे पैसे कोण देते? जपानमध्ये नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी



दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास नांबू लाइनवर नवे मराठी चेहरे दिसू लागतात. कोणी भाषाशाळेत आलेले असते, कोणी मास्टर्सला, कोणी सेन्मोन गाक्कोमध्ये म्हणजे व्यावसायिक शिक्षणाच्या शाळेत. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख होते आणि जेवणाच्या रांगेतच प्रश्न सुरू होतात. "दादा, अमुक एजन्सीत नाव नोंदवू का?" "ताई, ते म्हणतात व्हिसासकट नोकरी देतो, पण आधी पैसे भरा. भरायचे का?"

आम्ही कावासाकीत राहणारे, आयटीत काम करणारे काही जण आहोत. आमच्यापैकी बहुतेकांनी इथे एजन्सीमार्फत नोकरी मिळवली आहे किंवा बदलली आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवत आहोत. आम्ही इंजिनिअर आहोत, वकील नाही. त्यामुळे स्वतःच्या प्रकरणात अडचण असेल तर लेखाच्या शेवटी दिलेल्या सरकारी कार्यालयांत जरूर विचारा.

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी सार आधीच सांगतो. जपानमध्ये नोकरी लावून देण्याचे पैसे एजन्सीला कंपनी देते, उमेदवार देत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, कोणी तुमच्याकडे पैसे मागितले तर तिथेच थांबा. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एजन्सी तुम्हाला फुकट आहे याचा अर्थ ती तुमच्या बाजूची आहे असा होत नाही.

एजन्सी म्हणजे नक्की काय?

"एजन्सी" हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या दुकानांसाठी वापरतो, आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पहिले दुकान म्हणजे जिन्झाई शोकाई, माणसे सुचवणारी कंपनी. ती तुमचा बायोडेटा घेते, कंपन्यांना दाखवते, मुलाखती ठरवते. निवड झाली की तुमचा करार थेट त्या कंपनीशी होतो आणि पगारही तीच कंपनी देते. एजन्सीचे काम तिथे संपते.

दुसरे दुकान म्हणजे हाकेन. इथे तुम्ही एजन्सीचेच नोकर असता. पगार आणि विमा एजन्सीकडे, पण रोजचे काम दुसऱ्या कंपनीत आणि त्या कंपनीच्या सांगण्याप्रमाणे. समजा ती कंपनी एजन्सीला तासाला ४,००० येन देते आणि तुमच्या हातात २,७०० येतात, तर मधली रक्कम एजन्सीची. त्यातूनच ती विम्याचा आपला हिस्सा आणि भरपगारी रजा भागवते, म्हणून सगळाच नफा समजू नका. पण हे मार्जिन किती टक्के आहे ते हाकेन कंपनीने जाहीर करावे लागते. २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून तसे बंधन आहे. विचारायला लाजू नका.

याच्या मधला एक प्रकार आहे, शोकाई योतेई हाकेन. जास्तीत जास्त सहा महिने हाकेन म्हणून काम करायचे आणि दोघांनाही पसंत पडले तर कंपनीने थेट नोकरीवर घ्यायचे.

तिसरे दुकान म्हणजे ज्याच्याकडे यापैकी कुठलाच परवाना नाही, असा "कन्सल्टंट". तो पुण्यात असेल, मुंबईत असेल किंवा टोकियोतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये. प्रवेश, बाइतो म्हणजे पार्टटाइम काम, घर आणि पुढे नोकरी असे सगळे एका पॅकेजमध्ये विकतो. प्रवेशासाठी सल्ला देणे वेगळे. पण नोकरी लावून देणे हा धंदा जपानमध्ये परवान्याशिवाय करता येत नाही.

आयटीवाल्यांना एक चौथा प्रकारही भेटेल, त्याला इथे एसईएस म्हणतात. कागदावर ते सेवेचे कंत्राट असते, हाकेन नसते. तुम्ही ग्राहकाच्या ऑफिसात बसता, पण कायद्याने काम सांगायचे तुमच्या स्वतःच्या कंपनीने. प्रत्यक्षात ग्राहकाचा मॅनेजरच रोज हुकूम देत असेल तर त्याला गिसो उकेओई म्हणजे खोटे कंत्राट म्हणतात, आणि ते बेकायदेशीर आहे. एकाखाली एक तीन-चार कंपन्या असतील तर प्रत्येक पायरीवर पैसे कापले जातात आणि शेवटच्या पायरीवरच्या नवख्या मुलाला सगळ्यात कमी मिळतात. सगळ्याच एसईएस कंपन्या वाईट नसतात. पण ऑफर घेताना "मी कोणाच्या ऑफिसात बसणार आणि मला काम कोण सांगणार?" हे विचारलेच पाहिजे.

पैसे कंपनीनेच का द्यायचे?

यामागे इतिहास आहे. एदो काळात जपानमध्ये कुचिइरेया नावाचे दलाल असत. खेड्यातून शहरात आलेल्यांना ते नोकर म्हणून लावून देत, त्यांच्यासाठी जामीन राहत आणि त्याबद्दल पैसे घेत. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांमधला जॉबर आठवा. तोच भरती करणार, तोच काम देणार, आणि कामगाराने त्याचा हात ओला केला नाही तर उद्या काम मिळेल याची खात्री नाही. मराठवाड्यातून साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचा मुकादम आणि त्याची उचल तर अजूनही आपल्या परिचयाची आहे. सगळीकडे सूत्र एकच. ज्याला कामाची गरज आहे त्यालाच आधी कर्जात उतरवायचे, म्हणजे तो सोडून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली जपानने दोन कायदे केले. श्रम मानक कायद्याच्या ६ व्या कलमाने दुसऱ्याच्या नोकरीत मध्ये पडून नफा कमावणे, कायद्याने परवानगी दिलेली नसेल तर, बंद केले. रोजगार सुरक्षा कायद्याने नोकरी लावून देण्याचे काम मुख्यतः सरकारी कचेऱ्यांकडे दिले. आजचे हॅलो वर्क म्हणजे त्याच कचेऱ्या. खाजगी एजन्सींना बराच काळ फक्त ठरावीक पेशांसाठी परवानगी होती. १९९९ मध्ये हे चित्र पालटले. त्याच वर्षी जपानने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८१ क्रमांकाचा करार मान्य केला. खाजगी एजन्सी चालू द्या, पण कामगाराकडून फी घेऊ नका, हे त्या कराराचे मुख्य तत्त्व आहे. तेव्हापासून बहुतेक सर्व कामांसाठी खाजगी एजन्सी चालतात. बंदरातली मालवाहतूक आणि बांधकाम ही कामे मात्र आजही त्यांना वर्ज्य आहेत. कावासाकीसारख्या बंदराच्या गावात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उमेदवाराकडून फी न घेण्याच्या नियमाला थोडे अपवाद आहेत. कलाकार, मॉडेल असे मोजके पेशे आणि वर्षाला ७० लाख येनांहून जास्त पगाराचे काही व्यवस्थापक व तज्ज्ञ. नुकत्याच पदवीधर होणाऱ्या आयटीच्या विद्यार्थ्याला यातला कुठलाच अपवाद लागू पडत नाही.

एजंट इतका गोड का बोलतो?

हे नीट समजून घ्या, कारण पुढचे बरेच काही यावरून आपोआप कळते.

अनुभवी माणूस लावून दिला तर एजन्सीला कंपनीकडून साधारणपणे त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ३० ते ३५ टक्के रक्कम मिळते. पगार ४० लाख येन धरला तर १२ ते १४ लाख येन. नवीन पदवीधरांसाठी बहुधा माणशी ठरावीक रक्कम असते. ही रक्कम तुमच्या पगारातून कापली जात नाही, ती कंपनीचा खर्च असते. पण ती मिळते फक्त तुम्ही रुजू झाल्यावर. तुम्ही दहा मुलाखती दिल्या आणि शेवटी कॉलेजच्या ओळखीने नोकरी मिळवली, तर एजंटला शून्य.

शिवाय बहुतेक करारांत परताव्याची अट असते. माणूस पहिल्या काही महिन्यांत सोडून गेला तर एजन्सीने काही रक्कम कंपनीला परत करायची. आता एजंटच्या खुर्चीत बसून विचार करा. त्याला हवे आहे की तुम्ही लवकर "हो" म्हणावे आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत तिथे टिकावे. त्यात वाईट काही नाही, तो त्याचा धंदा आहे. पण तुम्हाला काय हवे आहे? पाच वर्षांनी उपयोगी पडेल असे काम, व्हिसाला अडचण न येणारे पद आणि जमेल असे जपानी. या दोन गोष्टी कधी जुळतात, कधी जुळत नाहीत.

म्हणून "आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर जागा जाईल" असे कोणी म्हणाले तर घाबरून जाऊ नका. बाकीच्या कंपन्या सोडून द्यायला विद्यार्थ्यावर दबाव आणण्याला जपानी भाषेत ओवाहारा असा खास शब्दच आहे. असा दबाव आणू नये असे सरकार कंपन्यांना बजावत आले आहे. दोन-तीन दिवस मागून घ्या. चांगली कंपनी तेवढे थांबते.

आणखी एक. पूर्वी काही एजन्सी रुजू झाल्यावर उमेदवारालाच "अभिनंदनाचे" पैसे देत, म्हणजे तो पुन्हा त्यांच्यामार्फतच नोकरी बदलेल. १ एप्रिल २०२१ पासून हे बंद करण्यात आले. आपण लावून दिलेल्या माणसाला दोन वर्षे नोकरी बदलण्याचा आग्रह करायचा नाही, असाही दंडक आहे. तेव्हा सहा महिन्यांत त्याच एजंटचा "आणखी चांगली जागा आहे" असा फोन आला, तर तो कोणाच्या फायद्यासाठी आहे ते समजून जा.

परवाना कसा तपासायचा?

पाच मिनिटांचे काम आहे, पण फार थोडे जण करतात.

नोकरी सुचवणाऱ्या एजन्सीच्या परवान्याचा क्रमांक असा असतो: आधी प्रांताचे दोन आकडे (टोकियो १३, कानागावा १४), मग काताकानातले "यु" हे अक्षर, मग सहा आकडे. हाकेनच्या क्रमांकात सुरुवातीलाच हाकेनमधले "हा" हे कांजी असते, मग प्रांताचा आकडा आणि पुढचा क्रमांक. विनामूल्य सेवा देणाऱ्या संस्थांना "यु" ऐवजी "मु" असते.

हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तळाशी किंवा माहितीच्या पानावर छापलेला असतो. तो घेऊन आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाच्या "जिन्झाई सर्व्हिस सोगो साइट" या संकेतस्थळावर शोधा. नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. क्रमांक मागितल्यावर "आमची मुख्य कंपनी वेगळी आहे" किंवा "आम्ही फक्त सल्ला देतो" अशी उत्तरे आली तर नमस्कार करून निघा.

जाता जाता, २०१५ पर्यंत हाकेनचे दोन प्रकार होते आणि त्यातला एक नुसत्या नोंदणीवर चालत असे. त्या वर्षी कायदा बदलला आणि २०१८ पासून सगळ्यांनाच परवाना लागतो. त्यामुळे "आम्ही जुन्या पद्धतीने नोंदलेले आहोत" हे उत्तर आता चालत नाही.

बाइतो आणि २८ तास

शिकत असताना काम करायचे असेल तर शिकाकुगाई कात्सुदो क्योका म्हणजे जादा कामाची परवानगी लागते. तिचा शिक्का झाइर्यू कार्डच्या मागच्या बाजूला असतो. मर्यादा आठवड्याला २८ तास. शाळेच्या अधिकृत मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत. बार, पाचिंको अशा ठिकाणी काम करता येत नाही, तिथे भांडी घासणेसुद्धा चालत नाही.

आता गणित करू. कानागावाचे किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२५ येन आहे. २८ तासांचे झाले ३४,३०० येन, चार आठवड्यांचे १,३७,२००. भारतातल्या काही जाहिराती सांगतात की शिकता शिकता महिन्याला अडीच लाख येन सहज मिळतात. ११२ तासांत अडीच लाख मिळवायचे तर ताशी २,२०० येनांहून जास्त दर हवा. भाषाशाळेत नुकत्याच आलेल्या मुलाला तो कोण देणार? म्हणजे जाहिरात एकतर खोटी आहे किंवा तुम्ही २८ तासांचा नियम मोडणार हे धरूनच लिहिली आहे.

इथे हाकेन एजन्सी कुठे येते? २०१२ मध्ये एक-दोन दिवसांचे, म्हणजे ३० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीचे हाकेन बंद झाले. पण काही लोकांना त्यातून वगळले आहे, आणि दिवसा शिकणारे विद्यार्थी हा त्यातलाच एक गट. त्यामुळे गोदामे, जेवणाचे डबे भरण्याचे कारखाने, सामान हलवणे अशा एक-दोन दिवसांच्या कामांसाठी एजन्सींना विद्यार्थी हवेच असतात. हिगाशी ओगिशिमाकडच्या शीतगृहांत आणि गोदामांत पहाटेपर्यंत चालणाऱ्या पाळ्या असतात.

काम कष्टाचे आहे, पण कमीपणाचे मुळीच नाही. धोका वेगळाच आहे. दोन एजन्सींकडे नाव असेल तर प्रत्येक जण आपापले तास मोजतो, बेरीज कोणीच करत नाही. २८ तास हे सगळ्या कामांचे मिळून आहेत, आणि आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तरी मर्यादा पाळलेली असली पाहिजे. "दुसरीकडचे आम्हाला कळत नाही" असे एजंट म्हणेल. त्याला कळत नसेलही, पण सरकारला कळते. परदेशी माणूस कामावर घेतला की कंपनीने त्याची माहिती हॅलो वर्कला द्यावीच लागते, २००७ पासून तसा नियम आहे. आणि वर्षाचे उत्पन्न वॉर्ड ऑफिसच्या कर-दाखल्यावर उमटते. व्हिसा वाढवताना किंवा नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करताना तो दाखला पुढे ठेवला की आकडेच बोलतात. शिक्षण पूर्ण, हातात नोकरीची ऑफर, आणि व्हिसा नाकारलेला, याहून वाईट काय असेल? तास एका छोट्या वहीत लिहून ठेवा. एजन्सीच्या ॲपवर विसंबू नका.

पूर्णवेळ नोकरी: वेळापत्रक आणि व्हिसा

जपानमध्ये नव्या पदवीधरांची भरती, म्हणजे शुकात्सु, ठरलेल्या वेळापत्रकाने चालते. पूर्वी ते केइदानरेन ही उद्योगसंघटना ठरवत असे. २०२१ च्या पदवीधरांपासून तिने ते सोडले आणि सरकारने तेच चालू ठेवले. शेवटच्या वर्षाला लागण्याआधीच्या १ मार्चपासून कंपन्यांची माहिती, १ जूनपासून निवड, १ ऑक्टोबरला औपचारिक नाइतेई म्हणजे नियुक्तीचे वचन. आयटी आणि परदेशी कंपन्या बऱ्याचदा त्याआधीच सुरुवात करतात. आपली मुले शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतर जागी होतात, तोपर्यंत निम्मी गाडी निघून गेलेली असते. घाईत मग जो पहिला एजंट भेटेल त्याच्या हाती नाडी दिली जाते.

नाइतेई ही नुसती गोड चिठ्ठी नाही. १९७९ मध्ये दाई निप्पोन प्रिंटिंग या कंपनीच्या खटल्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नाइतेईने नोकरीचा करारच तयार होतो. सबळ कारणाशिवाय कंपनीला तो मोडता येत नाही.

आयटी आणि ऑफिसच्या नोकऱ्यांसाठीचा व्हिसा २०१५ पासून एकच आहे: तंत्रज्ञान, मानव्यविद्या व आंतरराष्ट्रीय सेवा. त्यात शिक्षण आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. विद्यापीठाच्या पदवीधरांना त्यात थोडी मोकळीक मिळते, सेन्मोन गाक्कोच्या मुलांना तुलनेने कमी. एजंटने "आयटी" म्हणून दिलेले काम प्रत्यक्षात गोदामात खोकी उचलण्याचे असेल तर तो व्हिसा त्यासाठी नाही. जपानी विद्यापीठातून पदवी आणि जपानी भाषेची एन-१ परीक्षा झालेल्यांसाठी मे २०१९ पासून "विशेष कार्य" नावाचा वेगळा मार्ग आहे, त्यात दुकान-हॉटेलातली कामेही बसतात. मात्र त्यात हाकेन चालत नाही.

एप्रिलमध्ये रुजू होणाऱ्यांचे व्हिसा बदलण्याचे अर्ज टोकियो विभागात आदल्या डिसेंबरपासून घेतले जातात. पदवी झाली पण नोकरी नाही, तर शोधासाठी सहा महिने आणि पुढे आणखी सहा महिने असा व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी सहसा शाळेचे शिफारसपत्र लागते, म्हणून कॉलेजच्या ऑफिसशी संबंध चांगले ठेवा. व्हिसा देणे हे इमिग्रेशन खात्याचे काम आहे. "व्हिसाची गॅरंटी" कोणतीही एजन्सी देऊ शकत नाही.

बाँडचा प्रश्न

भारतात आयटी कंपन्यांचा बाँड आपल्या अंगवळणी पडला आहे. दोन वर्षे सोडायचे नाही, सोडले तर इतके लाख भरा. त्यामुळे इथेही कोणी तसा कागद पुढे केला तर आपली मुले मुकाट्याने सही करतात.

जपानच्या श्रम मानक कायद्याचे १६ वे कलम सांगते की करार मोडल्यास अमुक दंड किंवा अमुक नुकसानभरपाई, अशी रक्कम आधी ठरवणारा करार मालकाला करता येत नाही. १७ वे कलम आगाऊ दिलेले पैसे पगारातून वळते करण्यास मनाई करते. १५ वे कलम पगार, वेळ, जागा या अटी लेखी द्यायला लावते. मुदत न घातलेली नोकरी असेल तर नागरी कायद्यानुसार दोन आठवड्यांची सूचना देऊन सोडता येते. पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड कंपनीने स्वतःकडे ठेवून घेऊ नये, असे सरकारचे मालकांसाठीचे मार्गदर्शक तत्त्व आहे.

उचल आणि मुकादमाची गोष्ट वर सांगितली ती यासाठीच. बाँड हा त्याच उचलीचा सुशिक्षित अवतार आहे. सही करण्याआधी कागद कोणाला तरी वाचायला द्या. जपानी येत नसेल तर आमच्यापैकी कोणीही आनंदाने वाचून देईल.

नोकरी सोडली किंवा बदलली तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचे, हे विसरू नका. आणि सबळ कारण नसताना तीन महिने कामाशिवाय राहिलात तर व्हिसा रद्द होऊ शकतो.

पुण्या-मुंबईतून येणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत भारत आणि जपानच्या पंतप्रधानांची भेट झाली. पाच वर्षांत दोन्ही देशांत पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसे जपानमध्ये यावीत, असे तेव्हा ठरले. आनंदाची गोष्ट आहे. पण अशा बातमीनंतर जाहिरातींचे पीक येते हेही खरे.

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. त्याहून जास्त मागणारा एजंट नोंदलेला असला तरी नियमाबाहेर जात आहे.

मेख अशी आहे की हा कायदा नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू होतो, शिकायला जाणाऱ्यांना नाही. म्हणून नोकरीचे आमिष दाखवून विद्यार्थी म्हणून पाठवले की फीची मर्यादाच उरत नाही. आई-वडिलांनी कर्ज काढून पाच-सात लाख भरले की मुलगा इथे उतरतो तो हप्त्याचा आकडा डोक्यात घेऊन, आणि मग २८ तास पुरत नाहीत. पैसे भरण्याआधी पालकांनी एवढेच विचारावे: "यातले शाळेची फी किती आणि तुमचे किती? दोन वेगळ्या पावत्या द्या."

जपानच्या बाजूनेही नियम आहे. परदेशातल्या मध्यस्थाबरोबर काम करणाऱ्या जपानी एजन्सीने त्याची माहिती सरकारला द्यावी लागते, आणि उमेदवाराकडून अनामत किंवा दंडाची रक्कम घेणारा मध्यस्थ तिला चालत नाही.

शिकलेली मुले फसत नाहीत असे समजू नका. थायलंडमध्ये आयटीची नोकरी म्हणून तरुणांना नेऊन म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. जपानची गोष्ट इतकी भीषण नाही. पण सुरुवात तशीच होते: ओळखीचा माणूस, चांगला पगार आणि घाई.

फुकटचे आणि भरवशाचे दरवाजे

एजन्सी वापरू नका असे आमचे म्हणणे नाही. बायोडेटा जपानी पद्धतीने लिहून घेणे, मुलाखतीची तालीम, पगाराची बोलणी, यात चांगला एजंट खूप उपयोगी पडतो. फक्त तो एकच दरवाजा ठेवू नका.

१. तुमच्या विद्यापीठाचे करिअर सेंटर. शाळांना विनामूल्य नोकरी सुचवता येते आणि तिथे येणाऱ्या कंपन्यांना तुमच्याच शाळेची मुले हवी असतात.

२. हॅलो वर्क. कावासाकीत दोन आहेत, एक कावासाकी वॉर्डात आणि कावासाकी-किता हे मिझोनोकुचीला.

३. योत्सुयाचे टोकियो परदेशी रोजगार सेवा केंद्र. परदेशी विद्यार्थी आणि तज्ज्ञांसाठीच आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या फ्रेस्क या परदेशी नागरिक सहाय्य केंद्रातच ते आहे, त्यामुळे व्हिसाची शंकाही तिथे विचारता येते.

४. मोतोसुमियोशीजवळचे कावासाकी आंतरराष्ट्रीय केंद्र. परदेशी रहिवाशांना सल्ला देते, इंग्रजीत बोलता येते.

५. पगार मिळाला नाही, दंड मागितला, तर कावासाकी-मिनामी किंवा कावासाकी-किता श्रम मानक कार्यालय. एजन्सीविरुद्ध तक्रार असेल तर योकोहामाचे कानागावा श्रम ब्युरो. तक्रार करायला वकील लागत नाही. करार, पगारपत्रक आणि संदेशांच्या प्रती मात्र न्या.

एजंटला विचारायचे सहा प्रश्न

१. तुमचा परवाना क्रमांक काय?
२. माझा करार कोणाशी होणार, तुमच्याशी की कंपनीशी?
३. मी प्रत्यक्ष कुठे बसणार आणि काम कोण सांगणार?
४. माझा बायोडेटा कोणकोणत्या कंपन्यांना पाठवणार? मला विचारल्याशिवाय पाठवू नका.
५. हाकेन असेल तर मार्जिन किती, आणि एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत पगार किती? (मालकाच्या बाजूने काम नसेल तर सरासरी वेतनाच्या निदान ६० टक्के द्यावे लागतात.)
६. आधीचे परदेशी विद्यार्थी याच कंपनीत कुठल्या व्हिसावर गेले?

हे प्रश्न विचारले म्हणून चांगला एजंट रागावत नाही. उलट हा उमेदवार विचार करणारा आहे असे त्याला वाटते. जो रागावला, त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेच.

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणते तेव्हा "पैसे पुरतात का?" याबरोबर "आठवड्याला किती तास काम करतोस?" हेही विचारा. कर्जाचा हप्ता दोन महिने मागे पडला तर बँकेशी बोलता येते. व्हिसा गेला तर तसे कोणाशी बोलता येत नाही.

तुमचे अनुभव आणि शंका जरूर कळवा. नियम बदलले तर आम्हीही कळवत राहू. सर्व विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना शुकात्सुसाठी मनापासून शुभेच्छा. गाम्बात्ते!

आपले,
कावासाकीतले काही आयटीवाले